शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरोघरीं इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तींत एका रोगाची थट्टा होत असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. म्हातारपणीं थोडेंबहुत विसरणें हें स्वाभाविकच आहे. चष्मा कोठें ठेवला तें न आठवणें, ओळखीच्या गृहस्थाचें नांव ओठांवर येऊन अडणें, हे प्रकार आम्हां शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाचे आहेत, व आमच्या विद्यार्थ्यांस ते आमच्याहूनहि अधिक ठाऊक आहेत. परंतु चष्मा हातांत असून तो कशासाठीं असतो हेंच न उमगणें, जेवून हात धुतल्यावर घटकाभरानें ‘मला अजून कोणी वाढलें नाहीं’ म्हणून रडूं लागणें, पोटच्या मुलास ‘आपण कोण?’ असें विचारणें, हें नुसतें वार्धक्य नव्हे. हा मेंदूचा विकार आहे. त्यास स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात, व त्याच्या अनेक प्रकारांपैकीं अल्झायमरचा रोग हा सर्वांत अधिक आढळणारा होय.

हें नांव ज्यांच्यावरून पडलें ते जर्मन वैद्य आलोईस अल्झायमर यांच्याकडे फ्रांकफुर्ट येथील इस्पितळांत १९०१ सालीं एक एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली होती. ती १९०६ सालीं वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासला आणि त्यांत सांचलेलीं पुटें व गुंतलेले तंतू त्याच वर्षीं ट्यूबिंगन येथील सभेंत आपल्या व्यवसायबंधूंपुढें मांडले. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. रोगाची गति थोडी मंद करणारीं औषधें निघालीं आहेत. समूळ बरें करणारें मात्र अद्याप एकहि नाहीं. आपल्या देशांतील एका मोठ्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांवरून साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसांस, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक जणांस, हा विकार आहे असें दिसतें. यांपैकीं बहुतेक सारीं माणसें आपापल्या घरींच असतात, व प्रत्येकाजवळ बहुधा एकच माणूस बसलेलें असतें. या लेखांत आम्हांस रोग्याविषयीं थोडें व या जवळ बसणाऱ्या माणसाविषयीं पुष्कळ सांगावयाचें आहे.

आमच्या वसतिगृहांत राहणारा एक विद्यार्थी २०२० सालीं नववींत होता. त्याचें घर एका जंक्शनच्या गांवीं आहे. त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीनें ही हकीकत येथें देत आहों. नांवगांव मात्र देत नाहीं. त्याचे आजोबा रेल्वेंत गार्ड होते. नोकरी सुटून त्यांस वीस वर्षें झालीं होतीं, आणि आजी गेल्यावर दोनतीन वर्षांतच त्यांची स्मृति झपाट्यानें ढासळली. जें जुनें होतें तें मात्र टिकून होतें. या रोगांत बहुधा असेंच घडतें. नव्या गोष्टी सांठवून ठेवण्याचें काम मेंदूचा जो भाग करतो त्यावर पहिला घाला पडतो. त्यामुळें सकाळीं कोणती भाजी खाल्ली तें आठवत नाहीं, पण चाळीस वर्षांपूर्वींचें गाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ असतें. दिवस कलला कीं रोग्याची अस्वस्थता वाढते, हाहि या विकाराचा एक ठराविक प्रकार आहे. आजोबा पांचाच्या सुमारास उठून शिटी व निशाण शोधूं लागत. ‘ड्यूटीची वेळ झाली,’ असें म्हणत.

त्यांच्या सुनेनें यावर एक तोड काढली होती. ती रोज त्यांचा हात धरून त्यांस स्टेशनापर्यंत नेई. ते फलाटावरील बांकावर बसत, पॅसेंजर हलली कीं उभे राहून हात हालवीत, आणि काम आटोपल्याच्या समाधानानें घरीं येऊन मुकाट्यानें जेवत. कोणत्याहि वैद्यानें लिहून न दिलेलें असें हें औषध होतें, आणि तें लागू पडत होतें.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची सांथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत आपल्या देशांतील प्रवासी गाड्या थांबल्या, व २५ तारखेपासून टाळेबंदी सुरू झाली. तिचे दिवस आमच्या वाचकांस आठवतात, तेव्हां त्यांचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. त्या घरीं मात्र काय झालें तें सांगितलें पाहिजे. मुलाचे वडील नोकरीनिमित्त परप्रांतीं होते ते तिकडेच अडकले. कामवाली येईनाशी झाली. दुपारीं दोन तास आजोबांशीं बसून गप्पा मारणारे शेजारचे पेन्शनर आपल्या दाराआड गेले. त्यांचेंहि वय झालेलें, त्यांस दोष कसा द्यावा? नणंद महिन्याकाठीं चार दिवस येऊन राहत असे तीहि येऊं शकेना. आणि पांच वाजतां आजोबा दाराशीं जाऊन उभे राहिले, तों दारास आंतून कुलूप.

टाळेबंदी म्हणजे काय हें ज्यास सांगितल्यावर दहा मिनिटांनीं पुन्हां सांगावें लागतें, त्यास घरांत ठेवणें ही काय गोष्ट आहे याची कल्पना करून पाहावी. मालगाड्या तेवढ्या चालू होत्या. त्यांचा खडखडाट ऐकूं आला कीं आजोबा दारावर मुठी मारीत व ‘बाई, तुम्हीं मला कोंडून ठेवलें आहे, माझी नोकरी जाईल,’ म्हणून ओरडत. तोंडास पट्टी बांधलेली सून दिसली कीं घरांत चोर शिरला असें त्यांस वाटे. घड्याळ त्यांनीं स्वतःच तांदळाच्या डब्यांत लपवावें आणि चोरीचा आळ सुनेवर घ्यावा, असें आठवड्यांत दोनदां होई. हात साबणानें धुवावयाचे हें ते विसरत, आणि धुवूं लागले म्हणजे थांबावयाचें विसरत. सर्वांत कठीण गोष्ट तिनें आम्हांस पुढें सांगितली ती अशी: रात्रीं, सारें शांत झाल्यावर, ते मोठ्या अदबीनें तिला म्हणत, ‘बाई, फार अंधार पडला. तुमच्या घरचीं माणसें वाट पाहत असतील. आतां आपण घरीं जावें.’ या घरीं ती सोळा वर्षांपूर्वीं लग्न होऊन आली होती.

त्यांचा नातू तेथेंच होता. शाळेचे वर्ग मोबाइलवर चालत, आणि त्याचा कॅमेरा नेहमीं बंद असे. आजोबांचें ओरडणें वर्गमित्रांस ऐकूं जाऊन एकदां हंशा झाला होता, म्हणून तो बंद असे. आम्हींच त्यास दोनदां या कॅमेऱ्यावरून बोल लावला. कारण विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, ही गोष्ट येथें लिहून ठेवणें बरें.

एकटेपणा म्हणजे माणसांचा अभाव असें आपण समजतों. या बाईस आठहि प्रहर माणसाची सोबत होती. स्नानगृहाचें दार ओढून घेण्याइतकाहि एकांत तिला नव्हता. तरीहि ती एकटी होती, कारण ज्याच्याशीं बोललेलें त्याच्या ध्यानांत राहील असें कोणीहि तिच्यापाशीं नव्हतें. मुलास सांगावें तर तो लहान. पतीस सांगावें तर ते दूर राहून तळमळणार. माहेरीं सांगावें तर सासरची बदनामी. पॉलीन बॉस नांवाच्या एका अमेरिकन विदुषीनें या स्थितीचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला आहे. माणूस डोळ्यांपुढें आहे आणि तरी तो गेलेला आहे, असें जें दुःख असतें त्यास ना सुतक, ना सांत्वनाला येणारीं माणसें, ना तेरावा दिवस. म्हणून तें संपतहि नाहीं, असें तिचें म्हणणें आहे. इंग्रजींत या रोगाच्या शुश्रूषेवर १९८१ सालीं निघालेल्या एका प्रसिद्ध पुस्तकाचें नांवच ‘छत्तीस तासांचा दिवस’ या अर्थाचें आहे. टाळेबंदींत तो दिवस याहूनहि लांब झाला होता, इतकेंच.

आम्ही शाळांतून मुलांस श्रावणबाळाची गोष्ट सांगतों व ती सांगावयासच पाहिजे. परंतु तींत एक गोष्ट सोपी आहे. श्रावणाच्या आईबापांस दृष्टि नव्हती, पण कावड कोणाच्या खांद्यावर आहे हें तीं जाणत होतीं. जीं माणसें वाहणाऱ्यासच ओळखत नाहींत, उलट त्यासच चोर म्हणतात, त्यांची कावड वाहणें निराळें. शिवाय श्रावण पुत्र होता. आपल्याकडे ही कावड बहुधा सुनेच्या किंवा मुलीच्या खांद्यावर असते आणि गांवांत नांव मुलाचें होतें, हेंहि येथें म्हटलें तर आमच्या वाचकांतील पितृवर्ग रागावणार नाहीं अशी आशा आहे.

एप्रिलच्या एका संध्याकाळीं आजोबांनीं दाराची कडी उपटण्याचा प्रयत्न केला, आणि सुनेनें त्यांच्यावर हात उगारला. तो खालीं पडला नाहीं. पण आजोबा लहान मुलासारखे दोन्ही हात डोक्यावर घेऊन खालीं बसले, आणि तें मुलानें पाहिलें. त्या रात्रीं ती जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलानें आपल्या बुद्धीनें एक गोष्ट केली. आजोबांच्या जुन्या वहींत एका निवृत्त स्टेशनमास्तरांचा फोननंबर होता, तो लावून त्यानें त्यांस सांगितलें, ‘आजोबा गाडीची वाट बघतात. तुम्ही त्यांच्याशीं बोलाल का?’

स्टेशनमास्तरांनीं पांच वाजतां फोन केला. गार्डसाहेबांची विचारपूस केली व म्हणाले, ‘अजून लाइन क्लिअर मिळाली नाहीं. गाडी उशिरा आहे. तुम्ही चहा घ्या, मी कळवितों.’ आजोबा खुर्चीवर बसले. लाइन क्लिअर मिळाल्यावांचून गाडी सोडतां येत नाहीं, हा नियम रोगानें पुसला गेला नव्हता. मग स्टेशनमास्तर म्हणाले, ‘आतां सूनबाईंस द्या.’ आणि तिला त्यांनीं विचारलें, ‘बाई, तुम्ही आज काय जेवलांत?’

पुष्कळ दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. फोन करणारे सगळे आजोबांची प्रकृति विचारीत. तिनें त्यांस हात उगारल्याचें सांगितलें. त्यांनीं उपदेश केला नाहीं, ‘होतें असें’ असेंहि म्हणाले नाहींत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले कीं, मी उद्यांपासून सकाळींहि फोन करीन, म्हणजे त्या वेळांत तुमचें स्नान होईल.

येथें आमच्या कांहीं चौकस विद्यार्थ्यांच्या मनांत एक प्रश्न येईल, आणि तो यावा हेंच योग्य. शाळेंत सत्य बोलावें म्हणून शिकवितां, आणि गाडी उशिरा आहे हें तर खोटें! या शंकेवर जाणत्या लोकांतहि मतभेद आहेत. आमचें मत असें कीं, ज्याचा वर्तमानकाळच हरवला आहे त्यास दर दहा मिनिटांनीं वर्तमान ऐकवून रडविणें ही सत्याची सेवा नव्हे. जेथें नुसतें विषय बदलल्यानें भागतें तेथें तेवढेंच करावें. जेथें भागत नाहीं तेथें त्याच्या काळांत जाऊन त्याच्याशीं बोलावें. आणि आपल्या सोयीसाठीं त्यास फसवूं नये. ही मर्यादा आंखणें कठीण आहे हें आम्ही कबूल करतों.

वाद घालून उपयोग नाहीं, एवढें मात्र नक्की. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनीं अल्झायमरच्या रोग्यांस कांहीं दुःखाचे व कांहीं आनंदाचे चित्रपटांचे तुकडे दाखवून पाहिले व आपले निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध केले. रोगी काय पाहिलें तें थोड्याच वेळांत विसरले, परंतु तें पाहून मनांत उठलेला खेद किंवा हर्ष त्यानंतरहि टिकून राहिला. म्हणजे आपण रागें भरलों हें आजोबा विसरतील, पण त्या रागानें मनास झालेली जखम कारण न कळतां ठसठसत राहील. आणि आपण त्यांच्याजवळ बसून प्रेमानें वाटाणे सोलले तर तें विसरूनहि त्यांची संध्याकाळ बरी जाईल. परंतु शुश्रूषा करणारी बाई शांत केव्हां राहूं शकते? तिला स्वतःस कोणाचा तरी आधार असेल तेव्हांच. म्हणून तिची शुश्रूषा ही रोग्याचीच शुश्रूषा ठरते.

हें केवळ आमचें मत नव्हे. न्यूयॉर्क येथें मेरी मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ४०६ पतिपत्नींवर, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्या जोडीदारांवर, हा प्रयोग केला. औषध रोग्यास नव्हे, जोडीदारास. आणि तें औषध म्हणजे कुटुंबीयांसह कांहीं बैठका, समदुःखी लोकांचा मेळावा, व अडचण येईल तेव्हां फोनवर बोलावयास एक जाणतें माणूस. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार ज्यांस असा आधार मिळाला त्यांचे रोगी इतरांच्या मानानें सुमारें दीड वर्ष, नेमके ५५७ दिवस, अधिक काळ घरीं राहूं शकले.

न्यूयॉर्क दूर आहे असें कोणी म्हणेल, तर गोवा जवळ आहे. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्तर गोव्यांतील ८१ कुटुंबांत असाच प्रयोग केला व तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील गृहसल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा जाणणारीं, थोड्या दिवसांचें शिक्षण दिलेलीं साधीं माणसें होतीं, व त्यांच्यामागें एक मनोविकारतज्ज्ञ होते. हे सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यांतून एकदां, घरीं जात. रोग म्हणजे काय तें समजावीत, स्नान-जेवणाच्या अडचणींवर युक्ति सांगत, नातेवाइकांस हातभार लावावयास लावीत, आणि ऐकून घेत. शुश्रूषा करणारांचें मनःस्वास्थ्य सुधारलें व त्यांचा त्रास कमी झाला. आम्हांस या प्रयोगांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते कीं, हें काम करण्यास पदवी लागत नाहीं, नियमितपणा लागतो. आमच्या स्टेशनमास्तरांनीं या प्रयोगांचें नांवहि ऐकलें नव्हतें.

नियमितपणाविषयीं थोडें अधिक सांगतों. ‘कांहीं लागलें तर कळवा’ हें वाक्य आपण सगळेच बोलतों व त्यांतून कांहीं निष्पन्न होत नाहीं; कारण कळविणें हेंहि एक काम आहे, व थकलेल्या माणसास तेंहि होत नाहीं. त्यापेक्षां ‘मंगळवारीं तुमचीं औषधें मी आणून देईन’ असें म्हणावें व मंगळवारीं आणून द्यावीं. सल्ला मागितल्यावांचून देऊं नये. त्यांतहि आंवळ्याचा रस, अक्रोड व बदाम यांनीं आजोबा बरे होतील हें सांगणारे लोक टाळेबंदींत फोनवर फार झाले होते, असें ती बाई हंसत सांगते. अंतर राखावयाचें होतें तेव्हां फोनच काय तो उपाय होता. आतां दारें उघडलीं आहेत, तर तासभर रोग्याजवळ जाऊन बसणें हें दहा फोनांहून मोलाचें आहे. त्या तासांत शुश्रूषा करणाऱ्या माणसानें झोपावें, बाजारास जावें, किंवा नुसतें गच्चीवर उभें राहावें. काय केलें तें विचारूं नये.

ज्यांस असा शेजार नाहीं त्यांच्यासाठीं कांहीं सोयी झाल्या आहेत त्या पालकांनीं टिपून ठेवाव्या. डॉक्टरांनीं फोनवरून रोगी तपासून सल्ला द्यावा यासंबंधींचे नियम सरकारनें टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशीं, २५ मार्च २०२० रोजीं, काढले. ज्या रोग्यास इस्पितळापर्यंत नेणें हाच एक संग्राम असतो त्याच्या घरच्यांस हे फार उपयोगी आहेत. वृद्धांच्या अडचणींसाठीं १४५६७ हा क्रमांक २०२१ पासून देशभर चालूं झाला, व ऑक्टोबर २०२२ पासून मनाच्या कष्टांसाठीं १४४१६. हा दुसरा क्रमांक शुश्रूषा करणाऱ्यानें स्वतःसाठींहि फिरवावा, त्यांत कमीपणा नाहीं. या रोग्यांच्या कुटुंबांसाठीं झटणारी अखिल भारतीय संस्था १९९२ सालीं केरळांत स्थापन झाली, तिच्या शाखा अनेक शहरीं आहेत. आणि ज्यांस हा रोग समजून घ्यावयाचा आहे पण पुस्तकें वाचवत नाहींत, त्यांनीं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा मराठी चित्रपट मुलांसह पाहावा. त्यांत स्मृति हरपलेल्या संस्कृत पंडिताचें काम मोहन आगाशे यांनीं केलें आहे, व ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

वर्गमित्रांसाठीं एकच सांगतों. कोणाच्या घरून विचित्र आवाज आला तर हंसूं नये, हें तुम्हांस ठाऊकच आहे. पण त्यानंतर त्या मित्राच्या घरीं जाणें थांबवूं नये, हें अधिक कठीण आहे. त्याच्या आजोबांस तुमचें नांव दर वेळीं नव्यानें सांगावें लागेल, तें सांगावें.

टाळेबंदी उठल्यावर इतर घरें हळूहळू मोकळीं झालीं. या घराचें दार आणखी बरेच दिवस कुलपांतच राहिलें, कारण आजोबांची शक्ति त्या उन्हाळ्यांत फार क्षीण झाली होती व त्यांस स्टेशनापर्यंत चालवेना. पॅसेंजर पुन्हां सुरू झाली तेव्हां नातू त्यांस खिडकीशीं बसवी. तेथून गाडी दिसत नसे, पण शिटी ऐकूं येई. पांच वाजतांचा फोन चालूंच होता. आजोबा २०२२ च्या पावसाळ्यांत वारले. शेवटच्या महिन्यांत त्यांनीं सुनेस आपली आई मानलें होतें.

स्टेशनमास्तरांस हल्लीं कमी ऐकूं येतें. आतां पांच वाजतां फोन तीच लावते, आणि काय जेवलांत तें मोठ्यानें, दोनदां विचारते.